ग्रहांच्या कक्षा कागदावर काढताना: वर्तुळ चेपू नका, सूर्य सरकवा

इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगरकडच्या गणपतीच्या आराशीत म्हणा, नाहीतर कुठल्याही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात म्हणा, सूर्यमालेचा तक्ता हमखास दिसतो आणि तो हमखास चुकलेला असतो. कक्षा चेपलेल्या, सगळ्या एकाच केंद्राभोवती काढलेल्या, आणि सूर्य बरोबर मधोमध. ‘ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. वाक्य खरं आहे, पण तेवढ्यावर चित्र काढायला बसलं की घोटाळा होतो.

घोटाळ्याचं मूळ पाठ्यपुस्तकातल्या चित्रात आहे. तिथे सूर्यमाला तिरक्या नजरेने दाखवलेली असते. जेवणाचं ताट तिरपं धरलं तर लांबट दिसतं, तशाच त्या कक्षा लांबट दिसतात. वरून सरळ पाहिलं तर बुधापासून मंगळापर्यंत चारही कक्षा डोळ्यांना वर्तुळच वाटतील. खरा फरक वेगळ्या ठिकाणी असतो: सूर्य त्या वर्तुळांच्या केंद्रात नसतो.

उत्केंद्रता म्हणजे कक्षा वर्तुळापासून किती ढळली आहे ते सांगणारा आकडा. बुधाची उत्केंद्रता ०.२०६ आहे. म्हणजे सूर्य केंद्रापासून त्रिज्येच्या एक पंचमांश बाजूला सरकलेला असतो, पण वर्तुळ चेपलं जातं जेमतेम २ टक्के. सरकणं उत्केंद्रतेच्या प्रमाणात होतं, चेपणं तिच्या वर्गाच्या प्रमाणात. आकडा लहान असला की त्याचा वर्ग आणखी कितीतरी लहान होतो, म्हणून चेपणं नजरेला दिसतच नाही. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

टप्पा १: आकडे आधी, पेन्सिल नंतर

पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर, म्हणजे १ खगोलीय एकक, १४.९६ कोटी किलोमीटर आहे. कागदावर त्याचे १० सेमी धरा. मग चार ग्रहांसाठी हे आकडे मिळतात. त्रिज्या, सूर्यापासून केंद्राचं अंतर, आणि उपसूर्य बिंदूची, म्हणजे ग्रह सूर्याच्या सर्वांत जवळ असतो त्या जागेची, दिशा:

बुध: ३.८७ सेमी, ८ मिमी, ७७ अंश
शुक्र: ७.२३ सेमी, ०.५ मिमी, १३१ अंश
पृथ्वी: १० सेमी, १.७ मिमी, १०३ अंश
मंगळ: १५.२४ सेमी, १४.२ मिमी; ३३६ अंश

मधला आकडा म्हणजे त्रिज्या गुणिले उत्केंद्रता. प्रमाण बदलायचं असेल तर पहिले दोन आकडे सारख्याच पटीत बदला. अंश बदलत नाहीत.

आता चेपण्याचा हिशेब बघा. याच प्रमाणात बुधाची कक्षा आडव्या अंगाने ०.८ मिमी आत येते आणि मंगळाची ०.७ मिमी. पृथ्वीची इतकी कमी येते की कुठल्याच पेन्सिलीला ती दाखवता येणार नाही. म्हणून या चार कक्षांसाठी दोरा-टाचणीच्या भानगडीत पडू नका. कंपासने सरळ वर्तुळं काढा, फक्त केंद्र योग्य जागी सरकवा.

टप्पा २: सामान

पांढरी कार्डशीट (साधारण ५६ × ७१ सेमी), मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली स्टीलची पट्टी, मोठा कोनमापक आणि ०.५ ची पेन्सिल, हे सगळं इंदूरच्या खजुरी बाजारात एका फेरीत मिळतं. कोनमापक कंपासपेटीतला नको. तो लहान असतो आणि एका अंशाची चूक तिथे कळत नाही.

कंपासही मंगळासाठी पुरत नाही. १५ सेमीच्या पुढे उघडला की पाय फाकतात आणि रेष डळमळते. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि तिच्यात बरोबर १५.२४ सेमी अंतरावर दोन भोकं पाडा. एकात टाचणी जाईल, दुसऱ्यात पेन्सिलीचं टोक. भोक पेन्सिलीपेक्षा मोठं झालं तर ती पट्टी टाकून दुसरी करा, कारण सैल भोकात अर्धा मिलिमीटर सहज हरवतो.

सूर्य म्हणून थर्माकोलचा गोळा किंवा मोठी टिकली चिकटवण्याचा मोह होतो. आवरा. या प्रमाणात खरा सूर्य ०.९३ मिमीचा आहे, म्हणजे पेनाचा एक ठिपका. दोन सेमीचा गोळा ठेवलात तर पृथ्वीची १.७ मिमीची सरक आणि बुधाचं केंद्र दोन्ही त्याच्याखाली गडप होतात. ज्यासाठी एवढी मेहनत करायची, तेच झाकलं जातं.

टप्पा ३: सूर्य, मग दिशा, मग केंद्र

सर्वांत जास्त तक्ते इथे बिघडतात. मुलं आधी वर्तुळ काढतात आणि मग सूर्य कुठे बसवायचा ते शोधतात. क्रम उलटा हवा.

१. कागदाच्या साधारण मध्यावर सूर्याचा ठिपका द्या. चारही कक्षांना समाईक असलेला हा एकच बिंदू आहे.

२. त्या ठिपक्यातून उजवीकडे एक फिकी रेष काढा. ही वसंतसंपाताची दिशा (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा पृथ्वीवरून सूर्य ज्या दिशेला दिसतो ती), म्हणजे शून्य अंश. इथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अंश मोजायचे. उत्तरेकडून पाहिलं तर ग्रहही त्याच दिशेने फिरतात.

३. कोनमापक सूर्यावर ठेवून प्रत्येक ग्रहाची उपसूर्य दिशा फिक्या रेषेने दाखवा.

४. आता केंद्र. ते उपसूर्य दिशेच्या विरुद्ध बाजूला असतं. बुधाचं केंद्र २५७ अंशांच्या रेषेवर ८ मिमी, पृथ्वीचं २८३ अंशांवर १.७ मिमी, मंगळाचं १५६ अंशांवर १४.२ मिमी. शुक्राची सरक अर्धा मिलिमीटर आहे, पेन्सिलीच्या रेषेएवढी. शुक्राचं वर्तुळ खुशाल सूर्यावरच कंपास रोवून काढा.

सावधान: केंद्र उपसूर्याच्याच बाजूला घेतलं तर सगळं चित्र उलटं होतं. जवळचं टोक लांबचं होऊन बसतं आणि नुसत्या नजरेने ते ओळखू येत नाही.

‘सूर्य मध्ये नसला तर सर नंबर कापतील’ ही भीती मुलं हमखास बोलून दाखवतात. रास्त आहे. त्यावर उपाय एवढाच, की प्रत्येक केंद्रावर वेगळ्या रंगाची बारीक फुली द्या आणि बाजूला लिहा: ‘फुली म्हणजे कक्षेचं केंद्र, ठिपका म्हणजे सूर्य.’ म्हणजे हे चुकून झालेलं नाही, हे बघणाऱ्याला कळतं.

टप्पा ४: वर्तुळं, आणि लगेच तपासणी

आतून बाहेर या. आधी बुध, शेवटी मंगळ. प्रत्येक वर्तुळ झालं की पट्टी सूर्यावर ठेवून उपसूर्य दिशेला आणि तिच्या बरोबर विरुद्ध दिशेला अंतर मोजा:

बुध: ३.०७ आणि ४.६७ सेमी
पृथ्वी: ९.८३ आणि १०.१७ सेमी
मंगळ: १३.८ आणि १६.७ सेमी

आकडे अदलाबदल होऊन आले तर केंद्र चुकीच्या बाजूला गेलंय. बेरीज बरोबर पण दोन्ही आकडे सारखे आले तर कंपास सूर्यातच रोवला होता.

दुसरी तपासणी मला जास्त आवडते, कारण ती थेट आकाशाशी ताडून बघता येते. पृथ्वी आणि मंगळ यांच्या रेषांमधली फट मोजा. मंगळाच्या उपसूर्याच्या बाजूला, म्हणजे ३३६ अंशांवर, ती ३.७ सेमी यायला हवी. समोरच्या बाजूला ६.८ सेमीच्या आसपास. किलोमीटरमध्ये सांगायचं तर एका बाजूला साडेपाच कोटींच्या किंचित वर, दुसऱ्या बाजूला दहा कोटींच्या पुढे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून ५.५८ कोटी किमीवर आला होता, तो या अरुंद फटीतच. म्हणून मंगळ दर खेपेला सारखाच तेजस्वी दिसत नाही. सगळ्या कक्षा एका केंद्रावर काढलेल्या तक्त्यात ही फट सगळीकडे सारखीच येते आणि मंगळाची ही गंमत तिथे समजावता येत नाही.

टप्पा ५: तारखांचे ठिपके

कक्षेवर सारख्या अंतरावर ठिपके देऊन ‘दर महिन्याला ग्रह इथे’ असं लिहिणं चूक आहे. ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने जातो, लांब असताना रेंगाळतो. सूर्यापासून ग्रहापर्यंतच्या रेषेने सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ झाकायचं, हा नियम आहे. पण क्षेत्रफळं मोजत बसायची गरज नाही, एक सोपी युक्ती आहे.

सूर्यापासून केंद्राच्या दिशेने दुप्पट अंतरावर एक बिंदू घ्या. बुधासाठी तो सूर्यापासून १६ मिमीवर येतो. ही कक्षेची दुसरी नाभी. पहिल्या नाभीत सूर्य असतो, इथे काहीही नसतं. कोनमापक या रिकाम्या नाभीवर ठेवा, उपसूर्य दिशेपासून दर ३० अंशांना रेष काढा, आणि ती जिथे कक्षेला छेदते तिथे ठिपका द्या. बुधाला एक फेरी घालायला ८८ दिवस लागतात, म्हणजे दोन ठिपक्यांत साधारण सव्वासात दिवस. मंगळाला ६८७ दिवस लागतात, तिथे एका घराचे सत्तावन्न दिवस.

तपासणी: बुधाच्या उपसूर्याजवळ दोन ठिपक्यांत २.४ सेमी अंतर यायला हवं, समोरच्या टोकाशी १.६ सेमी. उलटं आलं तर कोनमापक सूर्यावर ठेवला होता.

ही युक्ती काटेकोर नव्हे, पण बुधापर्यंत तक्त्यावर चूक दिसत नाही. धूमकेतूला मात्र ती अजिबात लावू नका.

टप्पा ६: पृथ्वीची सरक घरबसल्या मोजा

१.७ मिमी बघून कोणीतरी विचारणारच, एवढ्याशाने काय फरक पडतो? उत्तर कॅलेंडरात आहे. वसंतसंपात आणि शरदसंपात यांना जोडणारी रेष सूर्यातून जाते आणि कक्षेचे दोन भाग करते. सूर्य मधोमध असता तर दोन्ही भाग सारख्याच दिवसांत पार झाले असते. तसं होत नाही.

भारतीय वेळेप्रमाणे २०२५ चा वसंतसंपात २० मार्चला दुपारी २:३१ ला होता, शरदसंपात २२ सप्टेंबरला रात्री ११:४९ ला, आणि २०२६ चा वसंतसंपात २० मार्चला रात्री ८:१६ ला. पहिला भाग १८६.३९ दिवसांचा, दुसरा १७८.८५ दिवसांचा. फरक साडेसात दिवसांचा.

या फरकाला ३.१४१६ ने गुणा आणि ३६५.२५ च्या चौपटीने भागा. ०.०१६२ येतं. पृथ्वीची खरी उत्केंद्रता ०.०१६७. थोडी तूट राहते, कारण उपसूर्याची रेष संपाताच्या रेषेशी नेमका काटकोन करत नाही, १३ अंशांनी कललेली असते. दुर्बीण नाही, प्रयोगशाळा नाही, नुसत्या तारखांवरून इतकं जवळ जाता येतं.

प्रत्यक्ष बघायचं तर उज्जैन इंदुरापासून पंचावन्नेक किलोमीटर. तिथल्या जिवाजी वेधशाळेतलं नाडीवलय यंत्र यासाठीच आहे. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला असेपर्यंत यंत्राच्या उत्तरेकडच्या तोंडावर ऊन पडतं, दक्षिणेला गेला की दक्षिणेकडच्या. कुठलं तोंड किती दिवस उजळतं हे मोजलं की वरचेच आकडे मिळतात.

सावधान: पंचांगातली मेष संक्रांत म्हणजे वसंतसंपात नव्हे. निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने केलेल्या, गणनेने ती १४ एप्रिलच्या सुमारास येते. ती धरून मोजलंत तर हिशेब कोलमडतो. सायन, म्हणजे संपातापासून मोजलेल्या, तारखाच घ्या.

आणखी एक. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे इंदुरात स्वेटर-शालींचे दिवस असताना. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, आसाच्या कलामुळे होतात. तक्त्यावर उपसूर्याशी ‘३-४ जानेवारी’ असं लिहून ठेवा. प्रश्न येतोच.

टप्पा ७: आता दोरा काढा

दोरा-टाचणीची पद्धत (दोन नाभींवर टाचण्या किंवा खिळे, त्यांभोवती दोऱ्याचं वेटोळं, आणि ते ताणून धरत फिरवलेली पेन्सिल) खरोखर लांबट कक्षांसाठी आहे, म्हणजे धूमकेतूंसाठी. हॅलेचा धूमकेतू घ्या. उत्केंद्रता ०.९६७, सूर्यापासून सर्वांत जवळचं अंतर ०.५९ एकक, सर्वांत लांबचं ३५.१. यासाठी वेगळी कार्डशीट आणि वेगळं प्रमाण: १ एकक = १.५ सेमी.

दोऱ्याचं वेटोळं किती लांब करायचं यावर लोक फार अडतात. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. दोन खिळ्यांमधलं अंतर म्हणजे लांबचं अंतर वजा जवळचं अंतर: इथे ५१.७७ सेमी. आणि गाठ मारलेलं वेटोळं ताणून दुहेरी केलं की त्याची लांबी लांबच्या अंतराएवढी: ५२.६५ सेमी. गाठीत दोरा जातो, म्हणून कापण्याआधी मोजू नका, गाठ मारल्यावर मोजा.

रिळाचा शिवणाचा दोरा ताणला जातो. मोच्याकडचा मेण लावलेला दोरा उत्तम. खालून थर्माकोल नको, ओढीने टाचण्या आत कलतात. जुना ड्रॉइंग बोर्ड किंवा प्लायवूडचा तुकडा घ्या आणि बारीक खिळे ठोका. पेन्सिल उभी धरा. वरची अर्धी कक्षा एका दमात, खालची दुसऱ्या दमात. टोकाशी दोरा खिळ्यात अडकतो, तिथे घाई केली की रेष फाटते.

या कक्षेत जवळचं टोक फार नाजूक असतं. सूर्यापासून ते फक्त ८.८ मिमीवर आहे आणि तेवढंच अंतर ५२.६५ वजा ५१.७७ मधून उरतं. दुहेरी केलेलं वेटोळं २ मिमी लांब झालं तर लांबच्या टोकाला काही कळणार नाही, पण जवळच्या टोकाचं सूर्यापासूनचं अंतर जवळजवळ सव्वापट होईल. म्हणून रेष ओढण्याआधी पेन्सिल जवळच्या टोकाला नेऊन अंतर मोजा. कमी-जास्त असेल तर दोरा सोडू नका, रिकाम्या नाभीचा खिळा जरासा हलवा. सूर्याचा खिळा मात्र अजिबात हलवायचा नाही.

कक्षा साडेत्रेपन्न सेमी लांब आणि साडेतेरा सेमीच्या थोडी वर रुंद यायला हवी. सूर्याभोवती दीड सेमी त्रिज्येचं पृथ्वीचं वर्तुळ काढलंत की धूमकेतू त्याच्या आत शिरून परत जाताना दिसतो. बाण ग्रहांच्या उलट दिशेने दाखवा, हा धूमकेतू उलटा फिरतो.

तारखा मोजक्या लिहा. उपसूर्य: ९ फेब्रुवारी १९८६. अपसूर्य, म्हणजे सर्वांत लांबचं टोक: डिसेंबर २०२३. पुढचं उपसूर्य: जुलै २०६१. मधे जिथे कक्षा सर्वांत रुंद आहे, तिथे २००५ लिहिण्याची चूक बहुतेकजण करतात. ती जागा त्याने १९९३ मध्येच ओलांडली. तिथून लांबच्या टोकाला जाऊन पुन्हा त्या रेषेवर यायला त्याला साठ वर्षांहून जास्त लागतात. सूर्याजवळ त्याचा वेग लांबच्या टोकापेक्षा साठपट असतो.

टप्पा ८: यानाची कक्षा, आणि विसरलेली त्रिज्या

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागलं तेव्हा त्याची कक्षा ४२१.७ × ७६,९९३.६ किमी होती. हे आकडे जसेच्या तसे सूत्रात घालणं ही नेहमीची चूक. ते मंगळाच्या पृष्ठभागापासूनचे आहेत आणि नाभी असते मंगळाच्या केंद्रात. दोन्हींत मंगळाची त्रिज्या, ३,३९० किमी, मिळवा: ३,८१२ आणि ८०,३८४.

आता फरक भागिले बेरीज. उत्केंद्रता ०.९०९ येते. त्रिज्या विसरलात तर ०.९८९ येते आणि कक्षा सुतळीसारखी बारीक निघते.

१ सेमी = २,००० किमी धरलं तर खिळ्यांमधलं अंतर ३८.३ सेमी, वेटोळं दुहेरी लांबीने ४०.२ सेमी, आणि मंगळ १.७ सेमी त्रिज्येचा. हे एकच चित्र असं आहे जिथे मधला गोळा प्रमाणात काढता येतो, तेव्हा तो काढाच. यान त्याच्यापासून जेमतेम २ मिमीवरून जातं.

बेरीज बरोबर झाली का, हे वेळेवरून कळतं. सरासरी अंतर, म्हणजे ४२,०९८, याचा घन करा, ४२,८२८ ने (मंगळाच्या गुरुत्वाकर्षणाचा हा ठरलेला आकडा) भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८३ ने गुणा. उत्तर सेकंदांत येतं. तासांत केलं की ७२.८५, म्हणजे ७२ तास ५१ मिनिटं, यानाच्या त्या पहिल्या कक्षेचा फेरीचा वेळ. तुमचं उत्तर ६४ तासांच्या आसपास आलं तर त्रिज्या मिळवायची राहिली आहे.

अंगणात रांगोळीने काढायचं असेल तर पहिल्या तक्त्याचंच प्रमाण ठेवा आणि गुरूही घ्या: त्रिज्या ५२ सेमी, केंद्र सूर्यापासून अडीच सेमी, उपसूर्याची दिशा १५ अंश. आधी खडूने आखून घ्या, रांगोळी त्यावरून. खिळा जमिनीत ठोकता येत नसेल तर दोऱ्याचं टोक कोणाला तरी अंगठ्याने दाबून धरायला सांगा, आणि त्याला म्हणावं, गोल पूर्ण होईपर्यंत अंगठा उचलायचा नाही.